गाडीचा वाटा

आमच्या घरच्या होडीच्या हिशेबात होडीलाही वाटा असे. मासळी विकून आलेल्या पैशातून आधी तेल, बर्फ आणि खलाशांचा शिधा वजा व्हायचा. उरलेल्या रकमेचे वाटे पडायचे. खलाशाला एक, तांडेलाला थोडा जास्त, आणि त्याच रांगेत होडीचा वेगळा, जाळ्यांचा वेगळा. ही रीत किनाऱ्यावर गावागणिक थोडी बदलते. पण आमचं नवापूर असो, उच्छेळी-दांडी असो की सातपाटी, होडी फुकट राबते असं कुणी धरत नाही. होडीच्या वाट्याला बाबा कुणाला हात लावू देत नसत. घरात लग्नकार्य निघालं तर बाहेरून कर्ज काढत, पण तो पैसा मोडत नसत. पावसाळ्यात दर्या बंद झाला की होडी किनाऱ्यावर ओढली जाई, तळाला चिकटलेली शिंपली खरवडली जात, फळ्यांचे सांधे पुन्हा भरले जात, तेलाचे हात मारले जात. नारळी पुनवेपर्यंत सगळं उरकायचं. कमाई शून्य आणि खर्च भरपूर, असे ते दोन-अडीच महिने. होडीने वर्षभर घेतलेला वाटा तेव्हा कामाला यायचा.

मी स्वतः दर्यावर गेलो नाही. बी.कॉम. होऊन बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लेखा विभागात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पंप, बॉयलर, ट्रक यांचा घसारा मांडण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे गावात कुणाच्या दारी नवी गाडी आली, बॉनेटवर हार चढला, नारळ फुटला, की पेढा तोंडात असतानाच मी मनात विचारतो, या घराच्या हिशेबात गाडीचा वाटा कुठे आहे? हप्ता असतो. पेट्रोल असतं. वाटा मात्र सापडत नाही. होडीच्या बाबतीत जे आमच्या आजोबांना पाठ होतं, ते गाडीच्या बाबतीत नातवंडांना ठाऊक नाही. हे एका पिढीत झालेलं नाही. गाडीचे खर्च नजरेआड जाण्याला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा बराच भाग आमच्याच परिसरातून दिसतो.

मोटार येण्याआधी या भागात दोन वाहनं होती, होडी आणि बैलगाडी. १८६४ साली मुंबई आणि गुजरात रेल्वेने जोडले गेले, तरी स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता बैलांचाच राहिला. बैलगाडीचा खर्च डोळ्यांसमोर असे. बैलाला वैरण रोज लागते, गाडी जुंपा किंवा जुंपू नका. आसाला वंगण लागतं, चाकावरची लोखंडी धाव झिजली की नवी चढवावी लागते. बैल म्हातारा होतो, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

पण या काळातही एक खर्च कुणाच्याच वहीत नव्हता. मुंबईत बग्ग्या, टांगे, व्हिक्टोरिया धावत. १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामसुद्धा घोडेच ओढत होते. शहरातल्या तबेल्यांना गवत लागे आणि त्यातलं पुष्कळ गवत पालघर, वाडा, डहाणूच्या माळांवरून जाई. कापून, दाबून, गाठी बांधून, रेल्वेने. कापणारे होते वारली. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागातले वारली उठले, तेव्हा वेठबिगारीच्या जोडीला त्यांच्या झगड्यात गवतकापणीच्या मजुरीचाही प्रश्न होता. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये, ही त्यांची मागणी होती. म्हणजे शहरातल्या वाहनाचं 'इंधन' स्वस्त पडत होतं, कारण कापणाऱ्याच्या मजुरीतून ते भागत होतं. वाहन आपला वाटा घेतंच. मालकाने दिला नाही, तर तो दुसऱ्या कुणाकडून वसूल होतो.

मोटारीच्या बाबतीत हे सरकारच्या लवकर लक्षात आलं. रस्ते जिल्हा बोर्डांचे, खडी आणि मुरमाचे. मोटारींच्या वेगाने ते उखडू लागले. दुरुस्ती करायची कुणी? १९२७ साली केंद्र सरकारने रस्तेविकासाचा अभ्यास करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने सुचवलं की जो रस्ता वापरतो त्याच्याकडून पेट्रोलमधूनच पैसे घ्यावेत. १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला. हिशेबनीस म्हणून मला जयकरांची युक्ती फार आवडते. नाक्यावर शिपाई नको, पावती नको. टाकी भरताना रस्त्याचे पैसे आपोआप दिले जातात. पण तिथेच एक सवयही लागली. रस्त्याचा खर्च पेट्रोलच्या भावात मिसळला आणि आपण रस्त्याचेही पैसे देतो, हे गाडीवाला विसरला. आज टोलनाक्यावर तो चिडतो आणि 'आम्ही रोड टॅक्स भरलाय' म्हणतो, तेव्हा पंपावर काय काय भरतो ते त्याच्या ध्यानात नसतं.

दुसरा वाटा अपघाताचा. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात तिसऱ्या व्यक्तीच्या विम्याचं प्रकरण होतं. ते अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. त्या तारखेपासून गाडीमालकाला, आपल्या गाडीखाली कुणी सापडलं तर त्याच्या भरपाईची सोय आधीच करून ठेवणं भाग पडलं. वाहनांच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. बैलगाडीखाली कुणी आलं तर गावकीत बसून निवाडा होई. आता अनोळखी माणसाचा वाटा गाडी रस्त्यावर येण्याआधीच काढून ठेवायचा होता. १९७३ला सर्वसाधारण विमा सरकारी झाला, २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. पण तिसऱ्या व्यक्तीच्या विम्याचा दर आजही ठरवूनच दिला जातो. जून २०२२च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, त्यावर ७,८९७. नव्या गाडीला १ सप्टेंबर २०१८ पासून हा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं, कारण पहिलं वर्ष सरलं की लोक नूतनीकरणच करत नसत. १९४६ला जे सक्तीचं झालं, ते सत्तर वर्षांनीही आपल्या सवयीत मुरलं नव्हतं.

आमच्या बाजूला मोटारी खऱ्या अर्थाने आल्या त्या अणुकेंद्रामुळे. तारापूरचं काम १९६४ साली सुरू झालं आणि ऑक्टोबर १९६९मध्ये दोन्ही अणुभट्ट्यांमधून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. पाठोपाठ सत्तरच्या दशकात एमआयडीसी वसली. बोईसर हे गवत, भात आणि सुक्या मासळीचं स्टेशन होतं. ते कामगारांचं, ठेकेदारांचं आणि साहेबांचं गाव झालं. साहेबांच्या गाड्या म्हणजे अँबेसिडर किंवा फियाट. फियाट बनायची मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुनी गाडी जपून वापरली जाई आणि चांगल्या भावाला विकली जाई. त्या टंचाईच्या दिवसांत लोकांची ठाम समजूत झाली की गाडीत घातलेला पैसा कुठे जात नाही. ती समजूत टंचाईची होती, गाडीची नव्हती. डिसेंबर १९८३मध्ये मारुती आठशे आली, १९९१ नंतर कारखान्यांची रांग लागली आणि टंचाई संपली. समजूत मात्र राहिली.

माझ्या चुलतभावाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला एक जुनी पद्मिनी घेतली. आमच्या आळीतली पहिली गाडी. इंजिन उत्तम, सीटही बऱ्या. पण गाडी आजवर राहिली होती शहरात आणि आता उभी राहू लागली दर्यापासून हाकेच्या अंतरावर. नवापूरची हवा खारी आहे. पश्चिमेचा वारा सुटला की खिडकीच्या गजावर हात फिरवला तरी जिभेला मीठ लागतं. त्यात पूर्वेकडून कारखान्यांचा धूर. पावसाळे सरत गेले तसा दाराचा खालचा पत्रा पोखरला, मग पायाखालची तळाची चादर. बोईसरचा गॅरेजवाला जुना पत्रा कापून नवा वेल्डिंगने चिकटवायचा, वर पुट्टी, वर रंग. प्रत्येक दिवाळीला तेच. भाऊ म्हणायचा, 'इंजिन अजून दहा वर्षं जाईल, पण ते बसवायचं कशात?'

समुद्रकाठच्या गाडीचा हा खर्च कुठल्याही जाहिरातीत नसतो. विमाही तो देत नाही; गंजणं आणि झिजणं पॉलिसीत धरलेलंच नाही. उलट अपघाताच्या दाव्यातही रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे साध्या पॉलिसीत निम्मेच पैसे मिळतात, बाकीचे मालकाचे. म्हणून आमच्याकडे गाडी घेणाऱ्याने तळाला गंजरोधक लेप, दर पावसाळ्याआधी त्याची तपासणी आणि आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुणं, हे खर्च पहिल्या दिवसापासून धरले पाहिजेत. गोडं पाणीसुद्धा इथे फुकट नाही. किनाऱ्यावर गाडी पळवायची हौस असलेल्यांनी तर दुप्पट धरावेत. भरतीचं पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरलं की पुढचा महिना गॅरेजचा.

आणखी एक खर्च असा की त्याची पावतीच मिळत नाही. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यात, आणि कित्येक वर्षं आमच्या गाड्यांचे नंबर एमएच ०४. पासिंग असो, नावावर करणं असो, लायसन्स असो, ठाणं गाठायचं. बोईसरहून पहाटेची गाडी, मग वसईहून घोडबंदरमार्गे बस, साहेब जागेवर असले तर संध्याकाळी परत. दिवसाची मजुरी गेली, एजंटाचे पैसे वेगळे. पुढे वसईचं एमएच ४८ आलं, अंतर निम्मं झालं, बरंच काम फोनवर आलं. तरी गाडी पंधरा वर्षांची झाली की फेरनोंदणीला जावंच लागतं, आणि त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली. पर्यावरण कर वेगळा. २०१९च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरप्लेट आली तिचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी. रकमा लहान असतात. पण त्या एकट्या येत नाहीत, आणि ज्या महिन्यात मुलांची फी असते नेमक्या त्याच महिन्यात येतात.

करांचंही तसंच. मुंबई मोटार वाहन कर कायदा १९५८चा. पूर्वी हा कर ठरावीक मुदतीने भरायचा असे, त्यामुळे मालकाला त्याची आठवण राहायची. आता खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळीच एकदम घेतात. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्के, डिझेलला १३. तो 'ऑन रोड' किमतीत जातो, ऑन रोड किंमत कर्जात जाते, कर्ज हप्त्यात जातं, आणि ग्राहक शोरूममध्ये एकच प्रश्न विचारतो, 'महिन्याला किती बसेल?' विक्रेता सांगतो तो आकडा खोटा नसतो. पण तो बँकेचा वाटा असतो, गाडीचा नव्हे.

गाडीचा वाटा काढायचा तर असा. समजा, कर सोडून आठ लाखांची, बाराशे सीसीची पेट्रोल गाडी आहे. विमा कंपन्या घसाऱ्याचं जे कोष्टक वापरतात त्यात एक वर्षानंतर गाडीची किंमत २० टक्के, दोन वर्षांनी ३०, तीन वर्षांनी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी उतरते. पाच वर्षांत चार लाख गेले. महिन्याला सहा हजार सहाशे सदुसष्ट. ११ टक्क्यांनी कर ८८,००० रुपये. पंधरा वर्षांवर पसरला तर महिन्याला ४८९. तिसऱ्या व्यक्तीचा विमा महिन्याला २८५. बेरीज सुमारे साडेसात हजार, आणि अजून चावी फिरवलेली नाही. यात गाडीच्या नुकसानीचा विमा नाही, सर्व्हिसिंग नाही, टायर नाहीत, बॅटरी नाही, कर्जाचं व्याज नाही. बाजारात जुन्या गाडीला कोष्टकापेक्षा कमी-जास्त मिळेल, पण आकडा शून्यावर कधीच येत नाही. गाडी दारात झाकून ठेवली तरी ती हा वाटा घेतच राहते. कारखान्यात याला घसारा म्हणतात आणि आयकर खातं तो खर्च म्हणून मान्य करतं; स्वतःच्या वापराच्या मोटारीला वर्षाला १५ टक्के, भाड्याने चालणाऱ्या गाडीला ३०. पगारदाराच्या घरी असं विचारणारं खातं नसतं, म्हणून घसारा मांडला जात नाही. सात-आठ वर्षांनी गाडी बदलायची वेळ येते तेव्हा तो एकदम समोर उभा राहतो, आणि नवं कर्ज निघतं.

मग फिरण्याचा खर्च. पेट्रोलचे भाव २०१० साली सरकारी नियंत्रणातून सुटले, जून २०१७ पासून रोज बदलू लागले आणि मे २०२१मध्ये मुंबईत शंभरी ओलांडली. त्याआधी भाववाढ ही वर्तमानपत्राची बातमी असे; लोक आदल्या रात्री पंपावर रांगा लावत. मग भाव पैशा-पैशाने वाढू लागले, कुणाला कळत नसे. टोलही तसाच. नवापूरहून मुंबईला गाडीने जायचं तर चिल्हार फाट्यावर महामार्ग धरायचा, खानिवड्याला टोल. गुजरातकडे वळलं तर चारोटीला. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि नाक्यावर खिशातून नोट काढायचा क्षणही गेला. दहिसरला मुंबईत शिरताना जो टोल पडे तो ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफ झाला. गावात तेव्हा आनंद झाला, पण ती माफी निवडणुकीच्या तोंडावर आली होती आणि शहरातले उड्डाणपूल काही फुकट उभे राहिले नव्हते. नाक्यावरच्या ठेकेदाराने सोडलेले पैसे सरकारी तिजोरीतून भरून द्यावे लागतात, आणि त्या तिजोरीत गाडी नसलेल्याचीही भर असते.

म्हणजे पुन्हा तेच, गवत कापणाऱ्या वारल्याचं. आमच्या गावाला हे जरा जास्त कळतं. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. माझं घर ज्या पगारावर चाललं तो पगार देणाऱ्या उद्योगांनी वर्षानुवर्षं दर्याचा वाटा आपल्या ताळेबंदात धरला नाही. मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित न्यायाधिकरणात गेली आणि जानेवारी २०२२मध्ये न्यायाधिकरणाने 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' या तत्त्वावर भरपाईचा आदेश दिला. १९४६ साली मोटारमालकाला जो धडा शिकवला गेला तोच हा, पंचाहत्तर वर्षांनी कारखान्याला. मी दोन्ही वह्या जवळून पाहिल्या आहेत. खर्च लपला की तो नाहीसा होत नाही, तो फक्त गप्प बसणाऱ्याच्या नावावर चढतो.

गावात आता जागेचा प्रश्नही आहे. आळ्या दोन माणसं समोरासमोर जातील एवढ्याच. घरापुढच्या अंगणात पूर्वी बोंबील टांगायचे बांबू उभे असत, सुकट पसरलेली असे. तिथे आता गाड्या उभ्या असतात. एका गाडीने किती सुक्या मासळीची जागा घेतली, त्याचे किती रुपये झाले असते, हा हिशेब मी एकदा भाच्यापुढे मांडला. तो हसला आणि म्हणाला, 'मामा, तुम्ही गाडीत बसूच नका.' मी बसतो. सासुरवाडीला जाताना, दवाखान्यात जाताना, रात्री-अपरात्री गाडी ही मोठी सोय आहे आणि ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. एप्रिल २०१३ला डहाणूपर्यंत लोकल आली, त्यामुळे रोजच्या कामाला तिची गरज कमी झाली, एवढंच माझं म्हणणं.

गावात एक वर्ग असा आहे की त्याचा हिशेब कधी चुकलेला नाही. मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला जाणाऱ्या बाया सात-आठजणी मिळून टेम्पो ठरवतात. टोपलीमागे पैसे ठरलेले. टेम्पोवाला भाव वाढवायला आला की त्या त्याला बसवून विचारतात. डिझेल किती वाढलं, टायर कधी टाकलेस, विमा कधी संपतो, गाडीवर कर्ज किती उरलंय? मग आपसात बोलून टोपलीमागे किती वाढवायचं ते सांगतात. मासळी कमी आली तर रिकाम्या जागेचा भार कुणी किती उचलायचा, हेही त्यांचं आधीच ठरलेलं असतं. यांतल्या बहुतेकींनी शाळा चौथीत सोडली. माझ्या भाच्याने नव्या गाडीची गोष्ट काढली तेव्हा मी त्याला शोरूमच्या आधी त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी त्याला हप्ता विचारला नाही. 'वर्षात किती दिवस उभी राहणार?' हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर काढायला भाच्याला आठवडा लागला.